दुकान बुडण्याआधीचे नव्वद दिवस

दुकान अडचणीत आलं की पहिला सल्ला शेजारी देतो, दुसरा मेव्हणा देतो, आणि वकिलाकडे जायची पाळी येते तेव्हा बँकेची नोटीस दारावर चिकटलेली असते. हा क्रम उलटा करता आला, तर पुष्कळ दुकानं वाचतात. लहान धंद्याला कर्जातून सावरायला आपल्या कायद्यात वाटा आहेत. त्या अरुंद आहेत, काही अर्धवट बांधलेल्या आहेत, आणि प्रत्येकीचं दार ठरावीक दिवशी बंद होतं.

उदाहरणासाठी तंजावूरच्या राजवाड्याचा परिसर घेऊ. सरस्वती महाल ग्रंथालय आणि कलादालन बघून बाहेर पडलेला महाराष्ट्रातला पर्यटक इथे तंजावूर शैलीचं चित्र किंवा मान डोलावणारी बाहुली विकत घेतो. आसपासच्या गल्ल्यांत घरात अजून मराठी बोलणारी कुटुंबंही आहेत. इथल्या धंद्याचं गणित साधं दिसतं, पण ते नाजूक आहे. चित्राला लाकडी फळी लागते, कापड, खडूची पूड, डिंक, खडे आणि सोन्याचा वर्ख लागतो. वीणेला फणसाचं लाकूड लागतं. सोनं चढलं की वर्ख महागतो, पण चार महिन्यांपूर्वी ठरलेल्या चित्राची किंमत गिऱ्हाईक वाढवून देत नाही. बाहुल्यांची मोठी विक्री नवरात्रातल्या कोलूच्या मांडणीसाठी होते. बँकेचं व्याज मात्र बारा महिने चालू असतं. असा धंदा बंद पडतो तो माल खपत नाही म्हणून नव्हे. देण्याची तारीख आधी येते आणि येण्याची नंतर, एवढंच कारण बहुतेक वेळा असतं. कोल्हापूरचा चपलांचा कारागीर आणि सावंतवाडीचा लाकडी खेळणीवाला यांना हे वेगळं सांगायला नको.

सगळ्यात आधी एक कागद काढून बघा: धंदा कोणाच्या नावावर आहे? बहुतेक दुकानं एकट्या मालकाच्या नावावर असतात, काही भावाभावांच्या भागीदारीत, आणि फार थोडी कंपनी किंवा एलएलपी म्हणून नोंदलेली. पाटी कशीही असो, ‘अमुक आर्ट्स’ किंवा ‘तमुक हँडिक्राफ्ट्स’, कायदा त्या नोंदीकडे पाहतो. एकट्या मालकाच्या दुकानाचं कर्ज म्हणजे मालकाचं वैयक्तिक कर्ज. घर, शेत, बायकोच्या नावावर नसलेलं सगळं त्यात ओढलं जाऊ शकतं. पुढचा बहुतेक हिशेब या एका गोष्टीवर फिरतो.

आता नव्वद दिवसांचं. हप्ता किंवा व्याज थकलं की बँक खात्यावर एसएमए, म्हणजे विशेष लक्ष ठेवायचं खातं, अशी खूण करते. पहिले तीस दिवस एसएमए-शून्य, एकतीस ते साठ एसएमए-एक, एकसष्ट ते नव्वद एसएमए-दोन. नव्वद ओलांडले की खातं एनपीए, म्हणजे अनुत्पादक. कॅश क्रेडिट खात्यात मर्यादेपेक्षा जास्त उचल किती दिवस राहिली, ते मोजलं जातं. ही नावं तुम्हाला कोणी सांगत नाही. शाखेत जाऊन विचारा, ‘माझं खातं आज कोणत्या खणात आहे?’ लाजू नका. शाखा व्यवस्थापकाला हा प्रश्न विचारणारा ऋणको क्वचितच भेटतो, आणि भेटला की तो जरा सावध होऊन बोलतो.

ही मुदत महत्त्वाची का, तर याच काळासाठी एक खास व्यवस्था आहे. २९ मे २०१५ च्या अधिसूचनेने केंद्राच्या एमएसएमई मंत्रालयाने लहान उद्योगांच्या पुनरुज्जीवनाची चौकट आखली आणि मार्च २०१६ मध्ये रिझर्व्ह बँकेने ती व्यापारी बँकांना लागू केली. २५ कोटींपर्यंतच्या कर्जांना ती लागते. दहा लाखांपर्यंतचं कर्ज असेल तर शाखेच्या पातळीवरच उपाय ठरवायचा. त्यावरचं असेल तर प्रकरण बँकेच्या समितीकडे जातं. त्या समितीत बँकेबाहेरचा एक तज्ज्ञ आणि राज्य सरकारचा एक प्रतिनिधी असतो. समितीपुढे तीन वाटा असतात: थकबाकी ठरल्या वेळेत भरून खातं रुळावर आणणं, कर्जाची नव्याने बांधणी करणं, किंवा काहीच जमत नसेल तर वसुली. नव्या बांधणीत हप्ते लांबवता येतात, व्याजदर कमी होऊ शकतो, थकलेलं व्याज वेगळ्या मुदत कर्जात वळवता येतं. धंदा बंद न करता कर्जाला नवा आकार देणारी, वकिलाच्या फीशिवाय मिळणारी ही भारतातली एकच वाट आहे, असं माझं मत आहे. आणि तीच सर्वात कमी लोकांना ठाऊक आहे.

बँकेने हे आपणहून करायचं की तुम्ही मागायचं, यावर बरीच वर्षं वाद होता. मुंबई उच्च न्यायालयाने बँकांवर तसं बंधन नाही असं म्हटलं होतं. १ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रो निट्स विरुद्ध कॅनरा बँक या प्रकरणात ते फिरवलं: ही चौकट बँकांना बंधनकारक आहे. पण त्याच निकालात ऋणकोलाही खडसावलं आहे. आपण लघुउद्योग आहोत याचे खात्रीलायक कागद खातं एनपीए होण्याआधी बँकेपुढे ठेवणं हे तुमचं काम. जप्तीची सगळी प्रक्रिया होऊ दिली आणि मग आठवण झाली, तर उपयोग नाही. जुलै २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने किंचित फट ठेवली: मागणी नोटीस आल्यावर उत्तरातच, कारणं देऊन आणि प्रतिज्ञापत्रासह, हा हक्क सांगितला तर बँकेला त्याकडे बघावं लागेल. फटीवर विसंबून राहू नये. सहकारी बँकेचं कर्ज असेल तर तिथे पुनर्बांधणीचं कोणतं धोरण लागू आहे ते आधी लेखी विचारा. ही चौकट व्यापारी बँकांना डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेली आहे.

अर्ज कसा करायचा? दोन पानांपेक्षा मोठा करू नका. पहिल्या परिच्छेदात लघुउद्योग म्हणून मिळालेला उद्यम नोंदणी क्रमांक आणि खातं क्रमांक. दुसऱ्यात कारण, आकड्यांसह: वर्खाचा भाव कधी किती होता, आज किती आहे, कोणत्या ऑर्डरी रद्द झाल्या, कोणाकडून किती येणं आहे. ‘मंदी आहे’ असं लिहिलेला अर्ज कोणी वाचत नाही. तिसऱ्यात पुढच्या बारा महिन्यांची जमा आणि खर्चाची खरी आकडेवारी. तंजावूरच्या बाहुलीवाल्याने त्यात नवरात्राआधीचे तीन महिने भरलेले दाखवावेत आणि उन्हाळा कोरडा दाखवावा, कारण तसंच असतं. शेवटी मागणी: हप्ते हंगामाला जोडून द्या, अमुक महिने फक्त व्याज घ्या. बाकीची देणी, खासगी उसनवारी आणि कर यांची पूर्ण यादी सोबत जोडा. लपवलेलं एक कर्ज नंतर सापडलं तर सगळा विश्वास जातो. आणि अर्जाच्या प्रतीवर शाखेचा शिक्का, तारीख आणि सही घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. शाखेने पोच दिली नाही तर रजिस्टर टपालाने पाठवा, ईमेलही करा. न्यायालयात तुमच्या बाजूने बोलणारा तोच एक कागद असतो.

एकरकमी तडजोडीबद्दल पेठेत फार गैरसमज आहेत. ‘बँकेला ओटीएस द्यावंच लागतं’ असं सांगणारे पुष्कळ भेटतील. तसं नाही, तडजोड हा ऋणकोचा हक्क नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये स्पष्ट केलं आहे. शिवाय तडजोडीनंतर पतनोंदीत ‘सेटल्ड’ असा शेरा राहतो आणि पुढचं कर्ज महाग पडतं किंवा मिळतच नाही. दुकान पुढे चालवायचं असेल तर तडजोडीआधी पुनर्बांधणी मागा.

खातं एनपीए झालंच आणि घर किंवा दुकान तारण असेल, तर सरफेसी कायद्याच्या कलम १३(२) ची साठ दिवसांची मागणी नोटीस येते. तिला उत्तर द्या. तुमच्या हरकतींना बँकेने पंधरा दिवसांत कारणांसह उत्तर द्यायचं असतं. साठ दिवसांनंतर ताबा घेण्याची कारवाई होते आणि त्याविरुद्ध कर्जवसुली न्यायाधिकरणात पंचेचाळीस दिवसांत दाद मागता येते. पैसे भरून मालमत्ता सोडवण्याचा हक्क लिलावाची जाहीर नोटीस निघेपर्यंतच असतो, लिलावाच्या दिवसापर्यंत नव्हे. २०१६ च्या दुरुस्तीनंतर हे बदललं आणि पुष्कळ जण अजून जुन्याच समजुतीवर बसलेले असतात. शेतजमीन या कायद्याखाली जप्त होत नाही.

कंपनी किंवा एलएलपी असलेल्यांसाठी २०२१ मध्ये नादारी व दिवाळखोरी संहितेत एक नवीन दार उघडलं. कोविडच्या दुसऱ्या वर्षात, ४ एप्रिल २०२१ च्या अध्यादेशाने ते आलं आणि ऑगस्टमध्ये त्याचा कायदा झाला. याला प्री-पॅक म्हणतात. किमान दहा लाखांची थकबाकी हवी. न्यायाधिकरणात जाण्याआधीच मालक आणि बँका बसून योजनेचा मसुदा ठरवतात. मूल्याने ६६ टक्के धनकोंची संमती लागते. मग राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात अर्ज, तंजावूरकरांसाठी चेन्नईला, महाराष्ट्र आणि गोव्यासाठी मुंबईला. १२० दिवसांत काम संपवायचं. या काळात वसुलीचे दावे थांबतात आणि मुख्य म्हणजे दुकान मालकाच्याच हातात राहतं; नेमलेला नादारी व्यावसायिक फक्त नजर ठेवतो. संहितेच्या नेहमीच्या प्रक्रियेत मालकाला बाजूला काढतात, त्या मानाने हा मोठाच बदल. पण कागदावर सुंदर असलेली ही सोय पहिल्या चार वर्षांत देशभर मिळून दोन डझन उद्योगांनीही वापरली नाही. व्यावसायिकाची फी, वकील, चेन्नईच्या खेपा आणि आधीच मिळवायची संमती हे सगळं जमवू शकणारा उद्योग तितकासा लहान नसतो. सोन्याच्या वर्खाचं दुकान चालवणाऱ्याने या वाटेचा विचार कर्ज काही कोटींत असेल तरच करावा.

आणि जामीन! कंपनीच्या कर्जाला मालक, त्याचा भाऊ, कधी आई अशा सगळ्यांच्या सह्या वैयक्तिक हमी म्हणून घेतलेल्या असतात. कंपनीला मिळालेलं संरक्षण जामीनदाराला मिळत नाही. १ डिसेंबर २०१९ पासून कंपनीच्या वैयक्तिक जामीनदारावर संहितेखाली वेगळी कारवाई होऊ शकते आणि सर्वोच्च न्यायालयाने मे २०२१ मध्ये ती वैध ठरवली. नव्या बांधणीची बोलणी करताना हमीचं काय, हे पहिल्याच बैठकीत लेखी ठरवून घ्या.

मग एकट्या मालकाचं काय? इथे आपला कायदा अजून शंभर वर्षं मागे उभा आहे. २०१६ च्या संहितेत व्यक्ती आणि भागीदारी यांच्यासाठी तिसरा भाग लिहिलेला आहे: धनकोंशी परतफेडीची योजना, त्यावर मतदान, आणि अगदी गरिबांसाठी ‘नवी सुरुवात’, म्हणजे वार्षिक उत्पन्न साठ हजारांच्या आत, मालमत्ता वीस हजारांच्या आत आणि देणं पस्तीस हजारांच्या आत असेल तर कर्जमाफी. जामीनदारांपुरता सोडला तर हा भाग लागूच केलेला नाही. म्हणून तंजावूरच्या चित्रकाराला आजही १९२० च्या प्रांतिक नादारी कायद्याखाली जिल्ह्याच्या न्यायालयात अर्ज करावा लागतो. मुंबई, चेन्नई, कोलकाता या तीन शहरांना त्याहून जुना, १९०९ चा कायदा आहे. तमिळनाडूत याला ‘आय.पी. दिला’ म्हणतात आणि धनकोंना जाते ती ‘मंजळ नोटीस’, पिवळी नोटीस. एखाद्याने पिवळी दिली अशी कुजबुज पेठेत पसरली की त्याचा उधारीचा माल दुसऱ्या दिवसापासून बंद होतो, हेही लक्षात ठेवा.

१९२० च्या कायद्यातले आकडे किती जुने आहेत बघा: अर्जासाठी देण्याची किमान मर्यादा अजून पाचशे रुपये आहे, आणि मालमत्ता रुपयाला आठ आणे भरत नसेल तर मुक्ततेच्या वेळी अडचण येते, असं कलमात आण्यांतच लिहिलेलं आहे. तरी त्यात कामाच्या गोष्टी आहेत. कारागिराची हत्यारं जप्त होत नाहीत. चित्रकाराचे ब्रश, वीणाकाराच्या पटाशा त्याच्याच राहतात. स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, आणि धार्मिक रूढीप्रमाणे स्त्रीला अंगावरून उतरवता येत नाही असा दागिना, म्हणजे आपलं मंगळसूत्र किंवा त्यांची ताली, यांनाही हात लागत नाही. न्यायालय अटकेपासून संरक्षण देऊ शकतं. तारण असलेल्या धनकोला मात्र हा कायदा अडवत नाही. घर गहाण असेल तर बँक तिच्या वाटेने जाते. चेक परत गेल्याची फौजदारी तक्रारही याने मिटत नाही.

याच कायद्याच्या कलम ३८ मध्ये पुनर्बांधणीचं बीज आहे, आणि वकीलसुद्धा ते विसरलेले असतात. नादार ठरल्यावर ऋणको सर्व धनकोंपुढे तडजोडीची योजना ठेवू शकतो. हजर धनकोंपैकी संख्येने बहुमत आणि मूल्याने तीन चतुर्थांश मिळालं आणि न्यायालयाने मान्यता दिली, तर ती सगळ्यांना लागते. अडून बसलेल्या एका सावकारामुळे सगळी बोलणी मोडत असतील, तेव्हा वकिलाला हे कलम काढायला सांगा.

सगळ्या धनकोंना एका छपराखाली आणून दावे तपासायचे, ही कल्पना तंजावूरच्या राजवाड्याला नवी नाही. १७९८ मध्ये तिथल्या गादीवरून दूर झालेले अमरसिंह महाराज १८०२ मध्ये वारले, पण त्यांची खासगी देणी दोन दशकं लोंबकळत राहिली. शेवटी ११ फेब्रुवारी १८२४ रोजी ईस्ट इंडिया कंपनी आणि त्यांचे धनको यांच्यात करार झाला आणि दावे तपासायला आयुक्त नेमले गेले. त्याआधी १८०५ मध्ये अर्काटच्या नवाबाच्या देण्यांसाठी असाच करार झाला होता. तिथे सुमारे तीन कोटी पौंडांचे दावे दाखल झाले आणि मान्य झाले ते त्याच्या दहाव्या हिश्श्याहून कमी. कर्जात बुडालेल्या माणसाच्या दारात खरे धनको येतात तसे खोट्या रोख्यांचेही येतात. म्हणून प्रत्येक उसनवारीची, प्रत्येक परतफेडीची तारीखवार वही ठेवा, आणि मागितलेला आकडा पुराव्याशिवाय कबूल करू नका.

नादारीचा विचार असेल तर दोन चुका टाळा. घर मेव्हण्याच्या नावावर बक्षीसपत्र करून ठेवायचा सल्ला हमखास मिळतो. हस्तांतरानंतर दोन वर्षांच्या आत नादारीचा अर्ज झाला तर असं हस्तांतर रद्द होऊ शकतं, आणि तुमच्या प्रामाणिकपणावर डाग बसतो तो वेगळाच. एखाद्या जवळच्या धनकोला गुपचूप आधी पैसे देणंही तसंच. अर्जाआधीच्या तीन महिन्यांतलं असं देणं तपासलं जातं. दुसरी चूक म्हणजे नादार ठरल्यावर घरी बसून राहणं. न्यायालयाने दिलेल्या मुदतीत मुक्ततेचा अर्ज केला नाही तर सगळा आदेशच रद्द होऊ शकतो आणि धनको पुन्हा दारात येतात.

सुधारणा काय हवी, हे अमेरिकेतल्या मराठी दुकानदारांना विचारलं तर ते लगेच सांगतील. तिथे फेब्रुवारी २०२० पासून दिवाळखोरी कायद्यात लहान धंद्यांसाठी वेगळा उपअध्याय लागू आहे. त्यात एकटा मालकही बसतो, योजना फक्त ऋणको मांडतो, ती नव्वद दिवसांत द्यायची, आणि तीन ते पाच वर्षं खर्च जाता उरणारी कमाई धनकोंना देत दुकान स्वतःच चालवायचं. त्याची कर्जमर्यादा कोविडमध्ये ७५ लाख डॉलर केली होती. जून २०२४ मध्ये ती तीस लाखांच्या आसपास परत आली आणि एप्रिल २०२५ पासून ३४ लाख २४ हजार आहे. आपल्याकडे ऑगस्ट २०२५ मध्ये संहितेच्या दुरुस्तीचं विधेयक लोकसभेत आलं आणि प्रवर समितीकडे गेलं, पण त्याचा भर मोठ्या कंपन्यांवर आणि धनकोंवर आहे. तिसरा भाग एकट्या मालकांना लागू करायला नव्या कायद्याचीही गरज नाही, अधिसूचना पुरेशी आहे. संसदेने २०१६ मध्येच केलेलं काम तेव्हापासून एका सहीसाठी थांबलं आहे. तुमच्या व्यापारी संघटनेने मागणी करायची असेल तर हीच करावी.

खासगी सावकाराचं कर्ज असेल तर वाट वेगळी. तमिळनाडूत कंदु वट्टी, मीटर वट्टी, तंडल या नावांनी चालणाऱ्या लुटारू व्याजाविरुद्ध २००३ चा कायदा आहे, आणि वसुलीतल्या दमदाटीविरुद्ध २०२५ चा नवा. महाराष्ट्रात २०१४ चा सावकारी नियमन कायदा आहे. असं कर्ज बँकेच्या अर्जात लपवू नका. उलट तेच आधी फेडायचं का, हे बँकेशी बोलून ठरवा.

राहिलं तुमचं येणं. चित्रांची मोठी ऑर्डर घेऊन हॉटेलने किंवा कंपनीने पैसे अडवले असतील, तर २००६ च्या कायद्याप्रमाणे लघुउत्पादकाला पंचेचाळीस दिवसांच्या आत पैसे मिळायला हवेत. त्यानंतर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं. दाद राज्याच्या सुविधा परिषदेकडे मागायची. ऑर्डर देणाऱ्याने हे पैसे वेळेत दिले नाहीत तर त्याला त्या वर्षी खर्चाची करवजावटही मिळत नाही, याची त्याच्या हिशेबनिसाला नुसती आठवण करून दिली तरी बिलं हलतात. ही सोय स्वतः बनवणाऱ्याला आहे. दुसऱ्याकडून माल घेऊन नुसता विकणाऱ्याची उद्यम नोंदणी होते, पण ती बँक कर्जाच्या प्राधान्यापुरतीच. आणि नोंदणी ऑर्डर घेण्याआधीची असू द्या. नंतरची असली की समोरचा वकील पहिला आक्षेप तोच घेतो.